मदत हवी आहे : ‘लिटल सक्सेस’ म्हणजे नेमके किती यश?

नमस्कार.

हस्तलिखित कागदांवरचा मजकूर संगणकाकडून वाचून घेण्याच्या तीन पद्धती आम्ही काही महिने तपासून पाहत होतो. त्या कामाचा इंग्रजी अहवाल लिहिण्याची जबाबदारी माझ्याकडे होती. कच्चा मसुदा मी आधी मराठीत तयार केला आणि त्यात पहिल्या पद्धतीविषयी ‘या पद्धतीला थोडे यश आले’ असे लिहिले. इंग्रजीत उतरवताना त्याचे ‘द मेथड वॉज ट्राइड विथ लिटल सक्सेस’ असे झाले. ज्यांनी अहवाल तपासला त्यांनी ही पद्धत फसली असे गृहीत धरून ती पुढच्या टप्प्यातून वगळावी, अशी शिफारस केली. माझ्या मनात नेमके उलट होते. सुट्या आणि ठळक अक्षरांच्या पानांवर त्या पद्धतीने समाधानकारक काम केले होते. सलग, जोडून लिहिलेल्या ओळी आल्या की मात्र ती अडखळत होती. ‘लिटल म्हणजे थोडे’ हे लहानपणी पाठ केलेले समीकरण इतके पक्के बसले होते की वाक्य पुन्हा तपासावे असे मला वाटलेही नाही.

चूक लक्षात आल्यावर मी व्याकरणाची पुस्तके उघडली. ‘अ लिटल’ म्हणजे थोडेसे आणि नुसते ‘लिटल’ म्हणजे जवळजवळ नाहीच, हा भेद आता समजला आहे. मात्र म्हणून ‘विथ अ लिटल सक्सेस’ असे लिहावे, तर तशी रचना माझ्या वाचनात क्वचितच येते. त्याऐवजी सम, लिमिटेड, मिक्स्ड, मॉडरेट, मॉडेस्ट, पार्शल, क्वालिफाइड आणि ‘अ मॉडिकम ऑफ’ अशी सारी मंडळी समोर येतात, आणि शब्दकोश एकाचा अर्थ सांगताना दुसऱ्याकडे बोट दाखवतो. या शब्दांची कमी यशाकडून अधिक यशाकडे जाणारी उतरंड लावण्याचा मी प्रयत्न केला, पण दर वेळी क्रम वेगळाच लागला.

‘क्वालिफाइड सक्सेस’ने तर मला बरीच वर्षे चकवले आहे. त्याचा अर्थ मी ‘पात्रतेने मिळवलेले यश’ असा लावत होते आणि ती स्तुती समजत होते. ‘विथ नो लिटल सक्सेस’ असेही एकदा वाचले. त्यात दोन नकार आहेत की एकच, हे मला अजून उलगडलेले नाही.

माझ्या तीन पद्धतींपैकी पहिलीची स्थिती वर सांगितली आहे. दुसरीने जवळजवळ काहीच साधले नाही. तिसरीने काही पाने निर्दोष वाचली आणि काही पानांवर एकही ओळ धड वाचली नाही. या तिन्हींसाठी कोणते शब्दप्रयोग योग्य ठरतील, आणि त्यांची निवड करताना काय पाहावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १

आपली अडचण मराठीतूनच सोडवता येईल असे मला वाटते, कारण हाच भेद आपल्याकडेही आहे. तो फक्त दुसऱ्या ठिकाणी बसतो. ‘थोडे यश आले’ आणि ‘थोडेच यश आले’ ही दोन वाक्ये मोठ्याने म्हणून पाहा. पहिल्यात पदरात काहीतरी पडले आहे, दुसऱ्यात बोलणारा निराश आहे. मराठी ‘च’ जोडून जे साधते, ते इंग्रजी ‘अ’ काढून टाकून साधते. आपल्या वाक्यात ‘च’ नव्हता. इंग्रजीत ‘अ’ गळल्यामुळे तो नकळत येऊन बसला. ‘विथ लिटल सक्सेस’चा सर्वांत जवळचा मराठी पर्याय मला ‘फारसे यश आले नाही’ हा वाटतो. इंग्रजी वाक्यात नकारार्थी क्रियापद नसल्यामुळे आपण फसतो, पण अर्थ नकाराचाच असतो.

‘विथ अ लिटल सक्सेस’ व्याकरणाने चुकीचे नाही, पण त्या जागेवर ‘विथ सम सक्सेस’ रूढ झाले आहे. आपल्या पहिल्या पद्धतीला तेच शोभेल.

उतरंड लागत नाही याचे कारण असे की हे सगळे शब्द एकाच मापाचे नाहीत. लिटल, सम, मॉडेस्ट, मॉडरेट हे यश किती ते सांगतात, आणि त्यांचा क्रम साधारण याच ओळीत लागतो, मात्र मॉडेस्ट आणि मॉडरेट यांच्यातले अंतर इतके थोडे आहे की त्यावर वाद घालू नये. ‘पार्शल’ हा शब्द प्रमाणाविषयी नसून भागांविषयी आहे: कामाचे तुकडे पडत असतील आणि त्यांतले काही पुरे झाले असतील, तरच तो वापरावा. ‘मिक्स्ड’ म्हणजे कधी जमले, कधी फसले. आपण त्याला संमिश्र यश म्हणतो. आपली तिसरी पद्धत इथे बसते. ‘व्हेरिइंग डिग्रीज ऑफ सक्सेस’साठी मात्र कर्ते, प्रयत्न किंवा पद्धती अनेक असाव्या लागतात. एकाच प्रयत्नाला ते लावले की वाचणारा बाकीचे प्रयत्न शोधू लागतो. तिन्ही पद्धतींची एकत्र ओळख करून देणाऱ्या वाक्यात ते चपखल बसेल.

‘क्वालिफाइड’चा इथला अर्थ पात्रतेशी संबंधित नाही. विधानाला अट किंवा अपवाद जोडणे म्हणजे ते ‘क्वालिफाय’ करणे. हिशेब तपासनीस जेव्हा ‘क्वालिफाइड ओपिनियन’ देतो तेव्हा तो शाबासकी देत नसतो. अमुक बाब वगळता हिशेब योग्य आहेत, असे तो म्हणत असतो. त्यामुळे ‘क्वालिफाइड सक्सेस’ म्हणजे ‘यशस्वी, पण’; आणि त्या ‘पण’नंतरचा मजकूर पुढच्याच वाक्यात यावा, अशी वाचकाची अपेक्षा असते.

‘नो लिटल’मध्ये ‘नो’ हा शब्द ‘लिटल’ला खोडतो: थोडेथोडके नव्हे असे, म्हणजेच भरघोस यश. मराठीत ‘काही कमी यश मिळाले नाही’ असे म्हणतो, त्याच जातीची ही रचना आहे.

आणखी एक बारकावा, ज्यावर माझ्या मते सर्वांत जास्त चुका होतात. ‘विथ’नंतर आलेले ‘सक्सेस’ अगणनीय असते, म्हणून ‘विथ लिमिटेड सक्सेस’ असे ‘अ’शिवाय लिहावे. उलट, योजनेलाच यश म्हटले की ते नाम गणनीय होते आणि ‘द प्रोजेक्ट वॉज अ क्वालिफाइड सक्सेस’ असा ‘अ’ यावाच लागतो. ‘क्वालिफाइड’ बहुधा या दुसऱ्या रचनेत आढळतो, तर ‘लिमिटेड’ दोन्हीकडे वावरतो.

प्रतिसाद २

वरील विवेचनाशी सहमत. ‘क्वाइट सक्सेसफुल’पासून मात्र सावध राहावे. ब्रिटिश वाचक त्याचा अर्थ ‘बऱ्यापैकी यशस्वी’ असा घेतो आणि अमेरिकी वाचक ‘चांगलेच यशस्वी’ असा. अहवाल कोण वाचणार हे ठाऊक नसेल तर हा शब्द टाळलेला बरा.

‘पिरिक व्हिक्टरी’ हा शब्दप्रयोगही अनेकदा मर्यादित यशासाठी वापरलेला दिसतो, आणि तो मला खटकतो. इ.स.पू. 279 मध्ये एपिरसच्या पिरस राजाने ॲस्क्युलम येथे रोमनांना हरवले, पण त्यात त्याचे स्वतःचे सैन्य इतके कापले गेले की तो विजयच त्याला परवडणारा नव्हता. तिथे यश अपुरे नव्हते, किंमत भारी होती. ‘गड आला पण सिंह गेला’ आपण जेव्हा म्हणतो, तेव्हा गड अर्धाच आला असे आपल्याला सुचवायचे नसते.

उलट्या बाजूचे उदाहरण 1970 च्या अपोलो 13 मोहिमेचे आहे. यानातील प्राणवायूची टाकी फुटल्यामुळे चंद्रावर उतरणे रद्द झाले, पण तिन्ही अंतराळवीर सुखरूप परतले, आणि त्या मोहिमेला ‘सक्सेसफुल फेल्युअर’ म्हटले गेले. मूळ उद्देश हुकला हे त्यातले नाम सांगते आणि काय वाचले ते विशेषण सांगते. ‘पार्शल सक्सेस’ म्हटले असते तर चंद्रावरचे थोडे काम उरकले होते, असा समज झाला असता.

मूळ प्रश्नकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. ‘च’चे स्पष्टीकरण वाचल्यावर माझी चूक मला पहिल्यांदा कानाने ऐकू आली.

एक शंका उरते. पहिल्या पद्धतीसाठी ‘सम’ऐवजी ‘लिमिटेड’ वापरले तर काय बिघडेल? वस्तुस्थिती तर तीच राहते.

प्रतिसाद १

वस्तुस्थिती तीच राहते, पण वाचकाची नजर वेगळीकडे वळते. ‘सम’ भांड्यात काय आहे ते दाखवते, ‘लिमिटेड’ ते कुठे रिकामे आहे ते दाखवते. पद्धत पुढे चालू ठेवावी असे आपल्याला सुचवायचे असेल तर ‘सम’ घ्यावे. तिच्या मर्यादांवर परिच्छेद लिहायचा असेल तर ‘लिमिटेड’ने सुरुवात करावी. दोन्ही वेळा किती पाने वाचली गेली तो आकडा शेजारी द्यावा, म्हणजे विशेषणावर सगळा भार पडणार नाही.

मूळ प्रश्नकर्ती

सुधारित मसुदा असा केला आहे. प्रास्ताविकात तिन्ही पद्धतींना मिळून ‘व्हेरिइंग डिग्रीज ऑफ सक्सेस’. पहिलीला ‘सम सक्सेस’ आणि त्यापुढे सुट्या अक्षरांच्या पानांची संख्या. तिसरीला ‘मिक्स्ड सक्सेस’, आणि कोणती पाने साधली व कोणती नाहीत त्याचा तक्ता. पहिली पद्धत वगळण्याच्या शिफारशीचा फेरविचार व्हावा, अशी विनंतीही सोबत जोडली आहे. दुसऱ्या पद्धतीचे वाक्य लिहिताना ‘विथ लिटल सक्सेस’ हेच शब्द वापरले आहेत. तिथे ते खरेच आहेत.