ॲपवर तक्रार निकाली, चेंबर उघडंच

मधली_आळी:
आमच्या गल्लीच्या तोंडाशी ड्रेनेजच्या चेंबरचं झाकण तुटलंय, शाळेची पोरं तिथूनच जातात म्हणून महापालिकेच्या ॲपवर फोटो टाकून तक्रार केली तर चौथ्या दिवशी मेसेज, तक्रार निकाली काढली. जाऊन बघतो तर झाकण नाहीच, कुणीतरी झाडाची फांदी खोचून ठेवलेली. असं तीनदा झालंय. आता आम्हीच मिळून अख्ख्या वॉर्डाची नोंद ठेवावी म्हणतोय, कुणी केलंय का?

नकाशावाला:
नक्की करा. फक्त तक्रार बंद कुणी करायची ते आधी ठरवा. ब्रिटनमध्ये २००७ पासून फिक्समायस्ट्रीट म्हणून साइट आहे, सरकारची नाही, मायसोसायटी ही संस्था चालवते. नकाशावर जागा दाखवली की तक्रार तिथल्या कौन्सिलला जाते, साइटवर सगळ्यांना दिसत राहते आणि चार आठवड्यांनी तक्रार करणाऱ्यालाच मेल येतो की काम झालं का. तुमच्याकडे काम ज्याचं त्यानेच झालं म्हणून टिक करायचं आणि शेजाऱ्याला पत्ताही नाही, घोळ इथेच आहे.

वॉर्ड१४_ताई:
आम्ही दोन वर्षं करतोय, साधी गूगल शीट. तारीख, तक्रार नंबर, आधीचा फोटो, नंतरचा फोटो. फोटोत मागे दुकानाची पाटी नाहीतर लाइटचा खांब आलाच पाहिजे, नाहीतर हा तिथलाच कशावरून म्हणतात. काम न करता दोनदा बंद केली की माहिती अधिकारात अर्ज टाकायचा, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, त्यात त्या तक्रारीवर काय काम केलं त्या नोंदीची नक्कल मागायची. ३० दिवसांत उत्तर द्यावंच लागतं. आमच्याकडे अर्ज गेल्यावर आठवड्यात झाकण बसलं.
एक चूक मात्र आमच्याकडून झाली. मागच्या वस्तीतून शीटमध्ये वर्षभर एकही ओळ नव्हती आणि आम्ही समजलो तिकडे ठीक आहे. तिथल्या बायका पहाटे कामाला जातात, त्यांनी ॲप कधी उघडायचं? आता दर रविवारी दोघी जणी जाऊन विचारून येतो, निम्म्या तक्रारी तिकडच्याच निघतात.

नकाशावाला:
ताई, हे फार महत्त्वाचं बोललात. अमेरिकेत बोस्टनला स्ट्रीट बंप ॲप होतं, गाडीला हादरा बसला की फोनच खड्डा नोंदवायचा. ज्या भागात स्मार्टफोन कमी तिथले खड्डे दिसणारच नाहीत हे ओळखून त्यांनी ते आधी पालिकेच्या रस्ते तपासणाऱ्यांनाच दिलं, कारण ते सगळीकडे फिरतात.

मधली_आळी:
ताई, शीटचे कॉलम पाठवा ना. आमच्या नाल्यापलीकडच्या चाळीतून पण आजवर एकही तक्रार नाही, आज अंगणवाडीच्या ताईंना विचारून बघतो. चेंबरभोवती तोवर बॅरिकेड उभं करतोय.