बऱ्हाणपूरकडचे केळीचे मुनवे (बुडाशी फुटणारी पिलं) आणू का? टीआर-४ मर रोगाची भीती वाटतेय

रावेरचा_शेतकरी: नमस्कार मंडळी. आमच्याकडे ग्रँड नैन जातीची केळी आहे. पुढच्या मृगबागेला (जून-जुलैच्या लागवडीला) टिश्यूकल्चर, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेली रोपं परवडत नाहीयेत, तर बऱ्हाणपूरचे पाहुणे म्हणतात आमच्या बागेतले मुनवे फुकट घेऊन जा, बाग एकदम हिरवीगार आहे. पण तिकडे पनामा मर (बुरशीनं झाड वाळून मरण्याचा रोग) सापडलाय ना, त्यातला टीआर-४ प्रकार? मुनवे बुरशीनाशकात बुडवून लावले तर चालतील का?

मातीतला_माणूस: दादा, फुकट असले तरी आणू नका. टीआर-४ बिहारात कटिहार-पूर्णियाला, यूपीत, सुरतेकडे आणि बऱ्हाणपुरात नोंदलेला आहे, म्हणजे अगदी तुमच्या शेजारी. बाग हिरवी दिसते यावर जाऊ नका, लागण झाल्यावर पानं पिवळी पडायला महिने जातात आणि तोवर बुरशी कंदाच्या आत बसलेली असते, वरून बुडवून ती मरत नाही. मी धोका बघताना दोनच गोष्टी विचारतो, यायची शक्यता किती आणि आलाच तर पुढे काय. पानांवरचा करपा आला तर फवारणी करून सावरता येतं. टीआर-४ मात्र एकदा मातीत शिरला की त्याचे जाड कवचाचे बीजाणू केळी नसताना पण कित्येक वर्षं जिवंत राहतात. ट्रायकोडर्मा या मित्रबुरशीचं फ्युसिकॉन्ट नावाचं औषध आहे, त्यानं रोग दबतो, पण माती पुन्हा पहिल्यासारखी होत नाही.

यावलकर: मला हे जरा अति वाटतं. आमच्याकडे सीएमव्ही विषाणूनं बागा उपटून टाकाव्या लागल्यात, आजचा खरा त्रास तो आहे. आणि मुनवे नाही आणले तरी कटाईच्या टोळ्या, ट्रक रोज इकडून तिकडे जातातच की, ते कोण अडवणार?

क्वीन्सलंडहून: यावलकर भाऊ, तुमचा शेवटचा प्रश्न एकदम बरोबर आहे, पण म्हणून सोडून द्यायचं असं नाही. इथे ऑस्ट्रेलियात २०१५ ला टली भागात एका बागेत टीआर-४ सापडला, पुढच्या वर्षी केळी उत्पादकांच्या संघटनेनं ती बागच विकत घेतली आणि झाडं नष्ट केली. रोग पूर्ण गेला नाही, नंतर अजून काही बागांत निघाला, पण पसरला हळूहळू. सगळं लक्ष मातीवर. बाहेरची गाडी गेटच्या आत नाही, आतले बूट वेगळे, कोयते-कुदळी आधी ब्रशनं घासून चिखल काढायचा आणि मगच जंतुनाशक, कारण चिखल तसाच राहिला तर जंतुनाशक काम करत नाही.

मातीतला_माणूस: अजून एक, टिश्यूकल्चर रोपं घेताना पण नर्सरीवाल्याला विचारा की हार्डनिंगची (रोपं बाहेरच्या हवेला सरावण्याची) माती कुठून आणली. प्रमाणपत्रात व्हायरसची टेस्ट असते, पण मर येतो मातीतून.

रावेरचा_शेतकरी: मुनव्यांचा विषय बंद. रोपं थोडी कमी लावेन. ट्रक पण रस्त्यावरच उभा करायला सांगतो. पण आमच्याच बागेत एखादं झाड संशयास्पद दिसलं तर?

मातीतला_माणूस: खालची जुनी पानं कडेनं पिवळी होऊन देठाशी मोडतात आणि खोडाभोवती लोंबतात, खोड बुडाशी चिरतं, आडवं कापलं की आत तांबूस-तपकिरी रेषा. घाण वास येत असेल तर बहुतेक इर्विनिया (जिवाणूमुळे होणारी कंदकूज). पण टीआर-४ च आहे का हे फक्त पीसीआर या प्रयोगशाळेतल्या तपासणीनं कळतं, म्हणून जळगावच्या केळी संशोधन केंद्रात आधी फोन करा. झाड उपटून गावात दाखवायला नेऊ नका, त्या ओळीचं ठिबक बंद करा आणि तिथे कुणाला फिरू देऊ नका.