अनुभव धागा: रक्तवाहिनीचं ऑपरेशन पुन्हा करावं लागलं का?

धागाकर्ती, दापोली
सासऱ्यांच्या पायाची बायपास झाली (बंद रक्तवाहिनीला वळसा घालून दुसरी शीर किंवा नळी जोडतात ती), आणि दुसऱ्या पावसाळ्यात तोच पाय परत गार पडला. "डॉक्टरने फसवलं," हे घरात आधी निघालं. मग मी वाचत बसले. पायातलीच शीर काढून जोडली तरी पहिल्या दोनेक वर्षांत ती आतून जाड होऊन अरुंद होऊ शकते. मधुमेह आणि तंबाखू असेल तर धोका आणखी. बेस्ट-सीएलआय हा पायाचा रक्तपुरवठा फार कमी झालेल्या 1830 रुग्णांचा अभ्यास 2022 मध्ये आला. पायात चांगली शीर असलेल्यांमध्ये बायपासनंतर शंभरात साधारण 9 जणांना पुन्हा मोठी प्रोसीजर लागली. बायपासऐवजी आधी फुगा-स्टेंट (फुग्याने रक्तवाहिनी रुंद करून आत जाळीची नळी बसवणं) केलेल्यांत 23-24 जणांना. तुमच्याकडे काय झालं? हॉस्पिटलची नावं नकोत.

मालवणकर
बापाशीचो पाय. पयली बायपास मुंबयत. डॉक्टरान सांगल्यान, विडी सोड. घरात सोडल्यान, बंदरार नाय. वर्सभरात घातलेली नळी बंद! गुठळी काढूक परत न्हेलो. दोन बोटां गेली, पाय रवलो.

चिपळूण
आईचं डायलिसिस चालू आहे. त्यासाठी हातात धमनी आणि शीर जोडून केलेल्या फिस्टुलावर बोटं ठेवली की मांजर घुरघुरल्यासारखं लागतं. रोज सकाळी ते बघायचं, असं टेक्निशियनने बजावलं होतं. एका रविवारी काहीच लागेना. गाडी काढली, थेट कोल्हापूर. लगेच गेलो म्हणून गुठळी निघाली, नाहीतर नवीन फिस्टुला करायची पाळी होती. नंतर त्याच अरुंद जागी फुगाही मारावा लागला. त्या हाताला बीपीचा पट्टा नाही, सुई नाही. गेल्या महिन्यात तापासाठी नेलं, तिथल्या सिस्टरनी पट्टा गुंडाळलाच होता. आईनेच हात ओढून घेतला.

गुहागर, निवृत्त कंडक्टर
व्हेरिकोज व्हेन्सची (पायाच्या फुगलेल्या शिरांची) लेसर केली. काही वर्षांनी पोटरीवर पुन्हा जाळं. जुनी शीर बंदच होती, दुसरीच्या झडपा गेल्या म्हणे. आता मोजे घालतो. मे महिन्यात मात्र नाही, घामाने जीव जातो.

देवगड
बायपासनंतरच्या डॉप्लरची (रक्त नीट वाहतंय का बघायची सोनोग्राफी) तारीख एप्रिलात, म्हणजे ऐन आंब्याच्या तोडीत. कोण जाणार? पाय दुखत नव्हता, चालत होतो. मुलीने जबरदस्तीने नेलं. जोडलेली शीर एका ठिकाणी निम्म्याहून जास्त आवळलेली निघाली. वाहती होती म्हणून फुग्यावर भागलं, दुसऱ्या दिवशी घरी. आपल्याकडे लोकांचं इथेच चुकतं. टाके निघाले की फाईल कपाटात जाते. शीर पूर्ण बंद पडल्यावर धावलं तर डॉक्टरच्या हातातही फार उरत नाही.

राजापूर
काहीच झालं नाही, म्हणून लिहायला उशीर. 2016 ची बायपास, अजून चालू. रोजची गोळी, वर्षाला एक डॉप्लर, तंबाखू बंद. असे लोक धाग्यावर येत नाहीत, त्यामुळे वाचणाऱ्याला वाटतं सगळ्यांचंच परत होतं. दापोलीवाल्या ताई, सासऱ्यांना शीर लावली होती की कृत्रिम नळी? आणि गुडघ्याच्या वर की खाली? त्यावर बरंच ठरतं.