मदत हवी आहे: कोलकात्यात दोघांसाठी अडीच दिवस (खाणं, साड्या, जुन्या गल्ल्या)

चाफेकळी

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात पुण्याहून कोलकाता, आम्ही दोघंच. शुक्रवारी दुपारी १२ ला पोचतो, सोमवारी सकाळी ९ चं परतीचं विमान. देवळं आणि म्युझियमं फार नकोत. खायचं, बाजार हिंडायचे, उत्तरेकडच्या जुन्या वस्त्या पायी बघायच्या. नवरा सगळं खातो, मी शाकाहारी (अंडं चालतं).

कच्चा बेत असा: शुक्रवारी संध्याकाळी पार्क स्ट्रीट. शनिवारी व्हिक्टोरिया मेमोरियल आणि गरियाहाटला साड्या. रविवारी कॉलेज स्ट्रीट, कॉफी हाऊस, दुपारी डेकर्स लेनला जेवण, संध्याकाळी ५ नंतर कुमारटुली (मूर्तिकारांची वस्ती).

राहायचं कुठे? शाकाहारी माणसाचे हाल होतात का? हातमागाची साडी ओळखायची कशी? आणि संदेश पुण्यापर्यंत टिकतो का?

---

हावडाकर

बेतातली ठिकाणं चांगली आहेत, वार सगळे चुकलेत. कोलकात्यात काय खायचं यापेक्षा कोणत्या वारी, किती वाजता खायचं हे आधी ठरवावं लागतं.

कॉलेज स्ट्रीटची पुस्तकांची दुकानं रविवारी बंद असतात. कॉफी हाऊस रविवारी उघडतं, पण दुपारी मध्येच बंद होतं. डेकर्स लेन जगते ती ऑफिसातल्या बाबूंवर, त्यामुळे रविवारी तिथे शुकशुकाट. कुमारटुलीला ५ नंतर जाऊन काही दिसणार नाही. जानेवारीत तिथे सूर्य सव्वापाचच्या आतच मावळतो, आपल्याकडच्यापेक्षा तासभर आधी. पुण्याच्या सवयीने ‘साडेसहापर्यंत उजेड असतो’ असं धरून बेत आखला की प्रत्येक संध्याकाळ हुकते.

म्हणून असं फिरवा.

शुक्रवार. विमानतळावरून प्रीपेड टॅक्सी किंवा अ‍ॅपची गाडी. दक्षिण कोलकात्यात उतरणार असाल तर साधारण २० किमी, दुपारी तासभर धरा. विमानतळालाही आता मेट्रो आहे, पण नोआपाड्याला गाडी बदलावी लागते, त्यामुळे मोठ्या बॅगा असतील तर नको. सामान टाकून ३ च्या आत एस्प्लनेड मेट्रो आणि तिथून चालत डेकर्स लेन. इथे स्ट्यू-टोस्ट मागायचं: पातळ, मिरीचा, गाजर-बटाटा घातलेला रस्सा आणि भाजलेला पाव. चिकनचा मिळतो, भाज्यांचाही मिळतो. तिथून न्यू मार्केट (१८७४ चं), आत नाहूमची ज्यू बेकरी (१९०२ ची). लेमन टार्ट घ्या. अंधार पडला की पार्क स्ट्रीट. तिथल्या गाजलेल्या हॉटेलांसमोर शुक्रवारी ८ नंतर तासाची रांग लागते, ७ ला जाऊन बसा.

शनिवार पूर्ण उत्तरेला द्या, आणि उत्तरेकडून दक्षिणेकडे उतरत या. सकाळी ८ ला श्यामबाजार मेट्रो. पाच रस्त्यांच्या चौकात हरिदास मोदकांकडे कचोरी-आलूची न्याहारी. थंडीत ‘कोडाइशुटीर कोचुरी’ विचारा, ताज्या मटाराचं वाटण भरलेली असते. मग बागबाजार घाट, नदीकाठाने कुमारटुली. सरस्वतीपूजा जवळ आल्यामुळे जानेवारीत तिथे मूर्तींची गर्दी असते. काही पेंढा आणि बांबूच्या सांगाड्यावर, काहींवर पहिला मातीचा हात, काही रंग वाळायची वाट बघत, सगळे टप्पे एकाच गल्लीत. कारागिराला विचारल्याशिवाय फोटो काढू नका, गल्ली अरुंद आहे आणि ते कामात असतात.

तिथून रिक्षाने हेदुआजवळ नकुडचं संदेशाचं दुकान (१८४४ चं). बसायला जागा नाही, जाळीआडून पुडा देतात. मग कॉलेज स्ट्रीट. कॉफी हाऊसमध्ये ‘इन्फ्युजन’ म्हणजे बिनदुधाची कॉफी. खाणं यथातथा, तिथे गप्पांसाठी बसायचं. जवळच पॅरामाउंटमध्ये (१९१८) डाब शरबत, शहाळ्याच्या मलईसकट. ४ ला तिथून निघा.

रविवार: पहाटे टिरेट्टा बाजार (चिनी न्याहारीचा), मल्लिक घाटाचा फूलबाजार, हावडा पूल पायी, लाँचने परत. दुपारी व्हिक्टोरिया (ते सोमवारी बंद, रविवारी चालू), संध्याकाळी विवेकानंद पार्कजवळ फुचका आणि गरियाहाट.

जाता जाता एक. बागबाजारात ‘मराठा डिच लेन’ अशी पाटी आहे, तिच्याखाली फोटो काढाच. नागपूरकर भोसल्यांच्या स्वाऱ्यांच्या धास्तीने १७४२ साली खणायला घेतलेल्या खंदकाचं नाव आहे ते. खंदक पुरा कधी झालाच नाही, १७९९ साली बुजवून वर सर्क्युलर रोड केला. तिकडे अजूनही बाळाला झोपवताना ‘बर्गी’ आल्याचं गातात. बर्गी म्हणजे आपलेच बारगीर.

---

मीठमिरची

+१, फक्त रविवारची एक अडचण. मेट्रो रविवारी ९ च्या सुमाराला सुरू होते, आणि टिरेट्टा बाजार साडेआठला आवरलेला असतो. त्यामुळे अ‍ॅपची गाडी करून सव्वासहापर्यंत पोद्दार कोर्टाशी पोचा. आणि चाफेकळी, तुमच्यासाठी तिथे जवळपास काही नाही. मोमो, बाव, सॉसेज, फिशबॉलचं सूप, सगळं चिकन, पोर्क नाहीतर मासळी. नवऱ्याला खाऊ द्या, तुम्ही न्याहारी मागे ठेवा.

---

ताणाबाणा

साडीबद्दल. बंगालची तांत, टांगाइल, धनियाखाली, शांतिपुरी, बेगमपुरी ही सगळी सुती घराणी. ढाकाई जामदानीची किंमत बुट्टीत असते आणि फसवणूकही तिथेच होते.

साडी उलटी करा. खऱ्या जामदानीत विणकर प्रत्येक बुट्टीचा जादा धागा हाताने वेगळा घालतो आणि बुट्टीतच वळवून घेतो, म्हणून उलटी बाजू जवळजवळ सुलट्यासारखीच स्वच्छ दिसते. यंत्रावरच्या नकलेत धागा एका बुट्टीकडून दुसरीकडे सरळ धावतो आणि मग मधला भाग कापतात. त्यामुळे मागे प्रत्येक बुट्टीच्या दोन्ही कडांना कापलेल्या धाग्यांची बारीक झालर राहते. बोट फिरवा, टोचतं. दुसरी खूण काठाच्या अगदी कडेला: विणताना कापड ताणून धरायला लावलेल्या पट्टीच्या टाचण्यांची बारीक भोकं, ठरावीक अंतराने. हातमागाला ती असतात. हजार-बाराशेला कोणी ‘हातमागाची ढाकाई’ देत असेल तर ती ढाकाई नव्हे, इतकं लक्षात ठेवलं तरी पुरे.

आधी ढाकुरियाच्या दक्षिणापणमध्ये जा. तिथे राज्यांची सरकारी दुकानं एकत्र आहेत, भाव लिहिलेले असतात, हाताला खरा माल कळतो. शनिवारी साडेपाचला पोचा आणि तिथे हात तयार करूनच रविवारी गरियाहाटला घासाघीस करा. उलट क्रमाने गेलात तर गरियाहाटचा पहिला भाव खरा वाटतो.

तांत साडीला दुकानात खळ भरपूर असते. त्या कडकपणावरून कापड जाड समजू नका आणि टिकाऊपणाचा अंदाजही बांधू नका. पदर दोन बोटांत चोळून मऊ करा, मग उजेडाकडे धरून वीण बघा. पहिल्यांदा धुताना साध्या गार पाण्यात एकटीच भिजवा, खळ आणि जादा रंग निघतो. बऱ्याच तांत साड्यांना ब्लाउजपीस नसतो, घेतानाच विचारा.

---

चाफेकळी

वार उलटे झाले होते हे खरंच लक्षात आलं नव्हतं. ताणाबाणा, झालरीची खूण लिहून घेतली. शाकाहाराचं आणि राहायचं कोणी सांगेल का? आणि दक्षिणापणला मेट्रो जात नाही असं दिसतंय, रिक्षा मिळते ना?

---

चहाबाज

रिक्षा मिळते, पण पुण्यासारखी नाही. कोलकात्यातल्या ऑटो ठरलेल्या मार्गावर शेअर चालतात, तीन मागे आणि एक चालकाशेजारी. हात करून ‘दक्षिणापण’ म्हणालात तर तो थांबणारच नाही. ऑटोत बसण्याआधी तिचा मार्ग विचारायचा. कॉलेज स्ट्रीटहून एम. जी. रोड मेट्रो, कालीघाटला उतरा, रासबिहारी चौकातून गरियाहाटची ऑटो. गरियाहाटहून गोलपार्कमार्गे दक्षिणापण १५-२० मिनिटांचं चालणं. सुटे १० आणि २० चे जवळ ठेवा, ५०० ची नोट काढली की ऑटोवाला बोलायला लागतो आणि मागचे तिघेही.

पिवळी अँबेसेडर हवी असेल तर लवकर बसून घ्या. गाडीचं उत्पादन २०१४ ला थांबलं आणि १५ वर्षांच्या नियमाने उरलेल्या भराभर निघताहेत. ‘यात्री साथी’ अ‍ॅपवर पिवळ्या टॅक्सीही येतात, मीटरवरून वाद होत नाही.

राहायला हाजरा-कालीघाट परिसर बघा, जतीन दास पार्क मेट्रो जवळ असेल असा. त्या निळ्या मार्गावर एस्प्लनेड, एम. जी. रोड, शोभाबाजार, श्यामबाजार सगळं सरळ, गाडी न बदलता. हाजरा रोडलाच महाराष्ट्र निवास आहे, मराठी मंडळाची जुनी वास्तू. साधी सोय चालत असेल तर आधी तिथे फोन करा.

---

मीठमिरची

शाकाहाराचं. हाल होत नाहीत, पण शब्द जपून वापरा. तिकडे ‘निरामिष’ म्हणजे कांदा-लसूणही नसलेलं. आणि ‘भाजी’ या नावाखाली मासळी येऊ शकते: लाउ-चिंगडी म्हणजे दुधी आणि कोळंबी, मोचा-चिंगडी म्हणजे केळफूल आणि कोळंबी, मूगडाळीत आणि कोबीत माशाचं डोकं घालायची पद्धत आहे. पदार्थाच्या नावावर जाऊ नका. ‘माछ-चिंगडी किच्छू नेइ तो?’ असं सरळ विचारा.

मागवायचं काय: शुक्तो (कडू कारलं आणि पाच-सहा भाज्या, जेवणाच्या सुरुवातीला), धोकार डालना (हरभऱ्याच्या डाळीच्या वड्या, तळून रश्श्यात), आलू पोस्तो (खसखशीतला बटाटा), छोलार डाल आणि लुची (हरभऱ्याची डाळ आणि मैद्याच्या पुऱ्या), शेवटी टोमॅटो-खजुराची चटणी. पदार्थ एकेक करून, क्रमाने भाताबरोबर खायचे. सगळं एकदम कालवलंत तर पोस्तोची चव हरवते, ती मुळातच हळू आवाजात बोलते. रविवारी बंगाली हॉटेलांत दीड ते तीन कुटुंबंच्या कुटुंबं लोटतात, साडेबाराला जाऊन बसा.

नाश्त्याच्या दुकानात ‘भेजिटेबल चॉप’ तुमचा: बीट, गाजर, शेंगदाणे, बाहेरून चुरा. सोबत कासुंदी, नाकात जाणारी मोहरी. एग रोल खाणार असाल तर तवा चिकनचाच असतो, ते चालत नसेल तर रोल सोडा. नवऱ्यासाठी शोभाबाजारच्या मित्र कॅफेत फिश कबिराजी (वर अंड्याची जाळी), श्यामबाजारला गोलबाडीचा कोषा मांगशो (घट्ट रश्श्याचं मटण). शनिवारीच होईल, दोन्ही वाटेत आहेत. बिर्याणीत बटाटा असतो, तो बाजूला काढणाऱ्याकडे लोक बघतात.

फुचका म्हणजे पाणीपुरी नव्हे. गोड चटणी नाही. कुस्करलेला मसालेदार बटाटा, चिंचेचं पाणी, नशीब असेल तर गंधराज लिंबू. ‘झाल कम’ म्हटलंत तरी तिखट येईल.

---

हावडाकर

रविवारचं एक राहिलं. हावड्याहून लाँचनेच या, काही रुपयांत नदी आणि पूल दोन्ही दिसतात. नवऱ्याला नदीखालची मेट्रो हवीच असेल तर ९ नंतर हावडा ते एस्प्लनेड. नदीखालचा भाग सुमारे ५२० मीटर, ४५ सेकंदांत संपतो, बाहेर निळ्या दिव्यांशिवाय काही नाही.

---

ताणाबाणा

संदेश आणि गूळ. संदेशात नरम पाक आणि कडा पाक असे दोन प्रकार. नरम पाक त्या दिवशी तिथेच खा. कडा पाक जानेवारीच्या हवेत दोन दिवस सहज राहतो, पण रविवारी संध्याकाळी घ्या, शनिवारी नव्हे. जलभरा संदेशाच्या पोटात गुलाबपाणी किंवा थंडीत पातळ गूळ असतो, तो अख्खा तोंडात टाकायचा, विमानात नेण्याची वस्तू नाही. मिष्टी दोईचं (गोड दह्याचं) मडकं पाझरतं आणि आपटलं की गेलं. रसगुल्ला हवाच असेल तर के. सी. दासचा हवाबंद डबा, चेक-इन बॅगेत.

नोलेन गूळ (खजुरीचा नवा गूळ) मात्र आणाच, तुमचा महिना अचूक आहे. थंडी पडल्याशिवाय खजुरीच्या रसाला तो वास येत नाही, फेब्रुवारी संपता संपता मोसम आटोपतो. पाताली म्हणजे घट्ट ढेप. अंगठ्याने कडेला दाबा, थोडी खचली पाहिजे. दगडासारखी टणक आणि आत चकाकणारे कण असतील तर साखर मिसळलीय. झोला म्हणजे पातळ गूळ. वासाला सरस, पण दोन-चार दिवस उबेत राहिला की आंबून फेसाळतो आणि बाटलीचं झाकण ढकलतो. घेतलाच तर बाटली काठोकाठ भरू देऊ नका, दोन पिशव्यांत बांधा, पुण्याला पोचल्या पोचल्या फ्रीजमध्ये. ही कटकट नको असेल तर बिश्व बांग्लाच्या दुकानात टूथपेस्टसारख्या ट्यूबमध्ये नोलेन गूळ मिळतो. परत निघताना विमानतळावर घेऊ म्हणून ठेवू नका, रविवारीच घेऊन टाका. सोमवारी ९ च्या विमानासाठी हाजऱ्याहून ६ ला निघावं लागेल, तेव्हा हातात वेळ नसेल.