मशेरी, गालाचा कर्करोग आणि ‘हे आपल्या घराण्यातच आहे’ हा समज

धनकवडीकर:
आमचे मूळ गाव भोर तालुक्यात असून बरीच वर्षे आम्ही धनकवडीत राहतो. माझी आजी, म्हणजे वडिलांची आई, गालाच्या कर्करोगाने गेली आणि पुढे थोरल्या आत्यालाही तोच आजार झाला. दोघींनाही मशेरीची, म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड दातांना लावण्याची, सवय होती, परंतु घरात त्याविषयी कोणी बोलत नाही. ‘हे आपल्या घराण्यातच आहे’ असे सर्वांनी धरून चालायचे आणि मला व बहिणीला जपून राहायला सांगायचे, असा प्रकार आहे. आई परक्या घरातून आलेली, त्यामुळे तिला भीती नाही असे काकांचे मत. प्रत्यक्षात आई ६२ वर्षांची आहे, लग्नानंतर सासूबाईंकडूनच तिने मशेरी उचलली आणि आजही ती दिवसातून तीन-चार वेळा लावते. तंबाखू सोड म्हटले की, “मी कुठे तंबाखू खाते, मी तर दात घासते,” हे उत्तर ठरलेले. हल्ली तिखट खाल्ले की तिच्या गालाच्या आतून आग होते. तव्यावर भाजल्यावर तंबाखूतील विषारी अंश जळून जातो, हे खरे आहे का? आणि आम्ही भावंडांनी जनुकीय चाचणी करून घ्यावी का?

दंतवैद्य, कर्वे रस्ता:
आपल्या प्रश्नातच बरेचसे उत्तर आहे. आजी आणि आत्या यांचे रक्ताचे नाते होते हे खरे, पण त्यांची मशेरीची डबीही एकच होती, आणि ती डबी सुनेकडेही आली. एकूण कर्करोगांपैकी साधारण ५ ते १० टक्केच आनुवंशिक दोषामुळे होतात. स्तन व बीजांडकोशाच्या कर्करोगात असे दोष चांगले परिचित आहेत. तोंडाच्या कर्करोगात मात्र आपल्याकडे पहिला संशय तंबाखू आणि सुपारीवरच घ्यावा लागतो. त्यामुळे आपण सांगितलेल्या इतिहासावरून जनुकीय चाचणीवर खर्च करावा असे मला वाटत नाही. आज तपासणीची खरी गरज आहे ती आईला.

भाजण्याविषयी म्हणाल, तर तंबाखूतील नायट्रोसमाइन ही कर्करोगकारक द्रव्ये पाने सुकवताना आणि मुरवतानाच तयार होतात. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजली की करपण्यातून निर्माण होणाऱ्या घातक संयुगांची त्यांत भर पडते. निकोटीनही शिल्लक राहतेच. ते नसते तर दुपारी पुन्हा डबी उघडावीशी वाटली नसती. ही पूड हिरडी आणि गाल यांच्या खाचेत वर्षानुवर्षे एकाच जागी राहते, तेथील पेशींच्या गुणसूत्रांना पुन्हा पुन्हा इजा होते, दुरुस्तीत चुका साठत जातात आणि एखादी पेशी वाढीचे नियंत्रण गमावते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने धूरविरहित तंबाखूचा समावेश माणसात निश्चितपणे कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात केलेला आहे. दंतमंजन आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू वापरण्यास आपल्या देशात १९९२ पासून बंदी आहे. घरच्या तव्यापर्यंत तो कायदा पोहोचत नाही, एवढेच.

तिखटाने आग होणे हे मात्र मला अधिक महत्त्वाचे वाटते. आई जेवणानंतर सुपारी खातात का, हे विचारावे. सुपारी तंबाखूशिवायही कर्करोगकारक असून तिच्यामुळे गालाची आतली त्वचा ताठ होत जाते आणि त्याची सुरुवात अनेकदा अशाच आगीने होते. तोंड पुरेसे उघडते का हे कळण्यासाठी, स्वतःची तीन बोटे उभी धरून तोंडात जातात का, ते त्यांनी पाहावे. पंधरा दिवसांत न भरणारी जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, कारण नसताना हलणारा दात, मानेतली गाठ, यांपैकी काही आढळले तर दुखत नाही म्हणून थांबू नये. सुरुवातीला सहसा दुखत नाहीच.

नाना पेठेतील वाचक:
आमची एक आजी नव्वदीपर्यंत मशेरी लावत होती, तिला काहीही झाले नाही. उलट आमच्या शेजारच्या निर्व्यसनी गृहस्थांना जिभेचा कर्करोग झाला. मग मशेरीलाच कारण म्हणायचे कसे?

दंतवैद्य, कर्वे रस्ता:
हेल्मेट न घालता आयुष्यभर सुखरूप गाडी चालवलेले पुणेकरही पुष्कळ आहेत. तंबाखूमुळे प्रत्येकाला कर्करोग होतोच असे नाही, आणि तंबाखू नसताना होणारच नाही असेही नाही. पण घेणाऱ्यांमध्ये तो न घेणाऱ्यांपेक्षा कितीतरी अधिक आढळतो, मात्रा आणि वर्षे वाढली की प्रमाणही वाढते, आणि मद्याची जोड मिळाली की दोन्ही मिळून धोका फारच वर जातो. वय आपल्या हाती नाही, डबी आहे. प्लास्टिकच्या डब्यांनी कर्करोग होतो असे संदेश सकाळी सर्वांना पाठवून त्याच हाताने मशेरी लावणारी माणसे मी रोज पाहतो.

हडपसरची सून:
माझ्या सासूबाईंनी मशेरी सोडली, त्यावरून एक गोष्ट सांगते. त्यांची खरी अडचण दातांची नव्हतीच. मशेरीशिवाय पोट साफ होणार नाही, ही त्यांची भीती होती, आणि पहिल्या आठवड्यात तसे झालेही. डोके दुखले, चिडचिड झाली. सकाळी कोमट पाणी, जेवणात पालेभाजी आणि डॉक्टरांनी दिलेले सौम्य औषध यांवर ते दिवस निघाले. डब्या लपवून ठेवल्या असत्या तर त्यांनी शेजारून आणली असती, म्हणून आम्ही तो उद्योग केला नाही. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ हा सरकारी मोफत दूरध्वनी क्रमांक आहे. तेथील समुपदेशकाशी बोलणे त्यांना आमच्याशी बोलण्यापेक्षा सोपे गेले.

धनकवडीकर:
आई सुपारी खाते, आणि तिसरे बोट जेमतेम जाते. तपासणीला ती तयार आहे, मात्र “तुकडा काढला की रोग पसरतो” असे गावाकडून तिच्या मनात भरवले गेले आहे. दुसरे असे, की ३८ वर्षांची बहीणही मशेरी लावते, हे आजच समजले.

दंतवैद्य, कर्वे रस्ता:
तुकडा काढल्याने रोग पसरत नाही. तो न काढता वाट पाहण्यात जे महिने जातात, तेवढ्या काळात मात्र पसरू शकतो. आधी केवळ डोळ्यांनी व बोटांनी तपासणी होईल आणि संशयास्पद भाग दिसला तरच तुकडा काढतील. धनकवडीतच दंत महाविद्यालयाचे रुग्णालय आहे, ससूनही आहे. याच आठवड्यात जावे. कवळी असेल तर ती काढून दाखवावी, कारण चट्टा पुष्कळदा तिच्याखाली असतो. सुपारी आजपासून बंद करावी. ताठरलेली त्वचा पूर्ववत होईल असे आश्वासन मी देणार नाही, पण व्यायाम आणि उपचारांनी तोंड उघडणे सुधारू शकते.

बहिणीलाही सोबत न्यावे. सरकारी कार्यक्रमात तिशीनंतर तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तिन्हींची तपासणी होते. तिने ती जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात करून घ्यावी. तिची सवय अजून आईइतकी जुनी नाही, आणि सोडल्यानंतर धोका वर्षागणिक कमी होत जातो, त्यामुळे या घरात सर्वाधिक फायदा तिचाच होणार आहे.