मदत हवी आहे: युरोपातले बॉक्सर अमेरिकेत खरोखर 'स्टार' होतात का?

डावखुरा
दिवाळी अंकासाठी बॉक्सिंगवर लेख लिहितोय आणि एका मुद्द्यावर अडलोय. युरोपियन बॉक्सर अमेरिकेत चालत नाहीत, असं सरसकट म्हटलं जातं. पण इंग्लंडचा रिकी हॅटन विरुद्ध अमेरिकेचा मेवेदर (8 डिसेंबर 2007) या फाइटचे पे-पर-व्ह्यू (घरी टीव्हीवर फाइट बघण्यासाठी वेगळे पैसे मोजणं) नऊ लाखांच्या घरात गेले होते. मग हॅटनला तिथला स्टार म्हणायचं का? आणि लोकप्रियता मोजायची कशावरून? जाणकारांनी कृपया सांगावं.

कॉर्नरमन
तो आकडा हॅटनच्या खात्यावर टाकू नका. त्याच वर्षी मे महिन्यात मेवेदर–डे ला होया फाइट सुमारे 24 लाख घरांत विकली गेली होती. डिसेंबरमध्ये लोकांनी पैसे मोजले ते मुख्यतः मेवेदरसाठी. हॅटनच्या मागे मँचेस्टरहून हजारो पाठीराखे लास वेगासला आले, रात्रभर त्याच्या नावाची गाणी म्हणत बसले. पण तो इंग्लंडचाच प्रेक्षक, फक्त विमानाने आलेला.

कसोटी साधी ठेवा: फाइट अमेरिकेत, समोर फारसा मोठा नसलेला बॉक्सर, आणि तिकीट व पे-पर-व्ह्यू हे दोन आकडे वेगवेगळे. गोलोव्किन–लेमियू (ऑक्टोबर 2015) बघा. न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन खचाखच, वीस हजारांवर लोक. पे-पर-व्ह्यू मात्र दीड लाखाच्या आसपास. दोनच वर्षांनी समोर मेक्सिकोचा स्टार कानेलो आला आणि तोच आकडा 13 लाखांवर गेला. हॉल भरणं आणि घरबसल्या माणसाला पैसे मोजायला लावणं या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत.

क्लिंच_नको
युक्रेनचा हेवीवेट व्लादिमिर क्लिच्को याला लेखात घ्याच, कारण काय चुकतं ते त्याच्याकडे स्वच्छ दिसतं. फेब्रुवारी 2008 मध्ये गार्डनमध्ये इब्रागिमोव्हविरुद्ध व्लादिमिर बारा राउंड लांबूनच जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) मारत राहिला. जिंकला, पण प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. पुढची अमेरिकेतली फाइट थेट एप्रिल 2015 मध्ये.

मधली सात वर्षं तो युरोपातच लढला, प्रामुख्याने जर्मनीत. स्टेडियमं भरत होती, आरटीएल चॅनेल पैसे देत होतं. त्याचं काही अडलं नाही. पण जर्मनीत रात्री साडेदहा म्हणजे न्यूयॉर्कला दुपारचे साडेचार आणि लॉस एंजेलिसला दीड. शनिवारी त्या वेळी कोण टीव्हीसमोर बसणार? मार्च 2010 मध्ये ड्युसेलडॉर्फला त्याने एडी चेंबर्सला बाराव्या राउंडची शेवटची पाच सेकंदं उरली असताना आडवा केला. चेंबर्स अमेरिकन, तरी अमेरिकेत ही फाइट इंटरनेटवरच बघावी लागली. असा नॉकआउट शनिवारी रात्री अमेरिकेच्या एचबीओ चॅनेलवर दिसला असता तर गोष्ट वेगळी असती, असं माझं स्पष्ट मत आहे.

डावखुरा
धन्यवाद, हे फारच उपयोगी आहे. मग जमलं कोणाला, आणि कसं?

कॉर्नरमन
गोलोव्किनचीच चढण लिहा, तीच सगळ्यात नीट आखलेली आहे. सप्टेंबर 2012: न्यूयॉर्क राज्यातल्या वेरोना गावातल्या कॅसिनोत एचबीओवर पहिली फाइट, प्रोक्साला पाचव्या राउंडमध्ये संपवलं. जानेवारी 2013: गार्डनचं छोटं थिएटर. जुलै 2014: मोठं गार्डन. ऑक्टोबर 2014: कॅलिफोर्नियात कार्सन, जिथे प्रेक्षक बहुतांश मेक्सिकन. एकच चॅनेल, लागोपाठ नॉकआउट, आणि ट्रेनर एबेल सँचेझने जाणूनबुजून लावलेलं 'मेक्सिकन स्टाइल' हे लेबल. स्वतःच्या देशाचे लोक तिथे फारसे नसतील तर दुसऱ्या कोणाचे तरी व्हावं लागतं.

याउलट पोलंडचा आदामेक. न्यूयॉर्कजवळच्या नेवार्कमध्ये पोलिश प्रेक्षक भरपूर मिळाला, तोवर ठीक. त्या वर्तुळाबाहेर मात्र नाव गेलं नाही.

साउथपॉ_ठाणे
इंग्लंडचा हेवीवेट टायसन फ्युरी राहिला. 2019 मध्ये ईएसपीएन या अमेरिकन क्रीडा चॅनेलशी करार केला आणि त्याच वर्षी वेगासमध्ये दोनदा लढला: श्वार्झ आणि वॉलिन. ही नावं अमेरिकेत कोणाला माहीत नव्हती, पण हेतूच तो होता. चेहरा दाखवायचा होता. मग डब्ल्यूडब्ल्यूई या करमणुकीच्या कुस्तीच्या रिंगमध्ये जाऊन आला. फेब्रुवारी 2020 च्या अमेरिकन वाइल्डरविरुद्धच्या फाइटची जाहिरात तर सुपर बोल या अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्यात झळकली. तरी माझ्या मते वाइल्डर नसता तर हे जमलं नसतं. तोलामोलाचा स्थानिक प्रतिस्पर्धी लागतोच. आयर्लंडच्या केटी टेलरचंही तसंच: एप्रिल 2022 मध्ये गार्डन भरलं ते समोर ब्रुकलिनची सेरानो होती म्हणून. एका बाजूला आयरिश, दुसऱ्या बाजूला पोर्तो रिकन.

क्लिंच_नको
इंग्लंडचा नसीम हमेदही हवा. डिसेंबर 1997, गार्डन, समोर न्यूयॉर्कचाच केव्हिन केली. चार राउंडमध्ये दोघं मिळून सहा वेळा खाली. पहिल्याच रात्री अमेरिकेने दखल घेतली.

आणि कॉर्नरमन, एक बारीक दुरुस्ती: गोलोव्किन कझाकस्तानचा. व्यावसायिक कारकीर्द जर्मनीत सुरू झाली म्हणून युरोपियनांत धरायचा असेल तर लेखात तसं लिहा, नाहीतर पहिलं वाचकपत्र त्यावरच येईल.