रात्री फ्रिजच्या आवाजाने झोप मोडते, काय करू?

प्रश्न: दिवसभर काही जाणवत नाही पण रात्री सगळं शांत झालं की फ्रिजचा कॉम्प्रेसर घुर्रर्र करत चालू होतो आणि माझी झोप उडते, मग बंद होताना खडखडतो तेव्हा परत जाग. घरातले बाकीचे मस्त झोपतात, मलाच का? खरंच वैतागलेय.

उत्तर १: आवाज किती मोठा यापेक्षा तो बदलतो ना, त्याचा त्रास जास्त. पंख्याची एकसारखी घरघर थोड्या वेळाने कानाआड होते पण मधेच सुरू मधेच बंद असलं की झोपेतही कान टवकारलेलेच राहतात, पूर्ण जाग नाही आली तरी ठोके वाढतात, झोप हलकी होते आणि सकाळी अंग जड. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ मध्ये बेडरूमसाठी रात्रीची सरासरी ३० डेसिबल आणि अचानक होणारा आवाज ४५ च्या आत असं सुचवलंय.

उत्तर २: आधी फ्रिज डुगडुगतोय का बघा. आमचा एक पाय अधांतरी होता, कोपऱ्यावर हात ठेवला की थरथर कळायची. पाय फिरवून लेव्हल केला, भिंतीपासून चार बोटं पुढे ओढला, बराच फरक पडला. वर काही ठेवलंय का?

उत्तर ३: इयरप्लग मला नाही जमले, आई आजारी असते, तिची हाक ऐकू यायला हवी. बेडरूमच्या दाराखालची फट जाड कापडाने बंद केली, तेवढ्यानेही बरं वाटतं.

प्रश्न विचारणारी: वर स्टीलचे दोन डबे होते, एकमेकांना चिकटून! खाली उतरवले, खडखड गेली. घुर्रर्र आहे अजून, उद्या पाय बघते.